पायांखालचा मुलूख

बृहन्महाराष्ट्रातील मराठी घरांत ‘सुटी’ या शब्दाचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेला आहे. सुटी म्हणजे पुणे. सुटी म्हणजे कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरी, तुळजापूर. आणि एखादे लग्न निघालेच तर ठाणे-डोंबिवली. आमच्या इंदूरच्या घरीही याहून निराळे काही नव्हते. वार्षिक परीक्षेचे निकाल लागले की माळ्यावरच्या बॅगा खाली उतरत, आणि महिनाभराने त्या परत वर जात तेव्हा स्वयंपाकघरात भाजणी, मेतकूट आणि आमसुले यांचा वर्षभराचा साठा झालेला असे. होळकरांच्या फडात कारकुनी करावयास आलेल्या पूर्वजापासून मोजले तर इंदुरातील आमची ही सातवी पिढी. तरीही ‘मूळ गाव कोणते?’ असे कोणी विचारले की आम्ही वाईजवळच्या एका खेड्याचे नाव सांगतो. त्या खेड्यात आमचे घर नाही, शेत नाही, आणि आमच्या हयातीत घरातले कोणी तेथे गेलेलेही नाही.

ही वहिवाट मोडली ती आमच्या धाकट्या कन्येने. २०२४च्या जूनमध्ये ती बी.एस्सी. झाली. गुण चांगले होते. तिच्या पुण्याच्या मामांनी तेथील महाविद्यालयांची माहिती काढून ठेवली होती, आणि राहण्याची सोय त्यांच्याच घरी व्हावयाची होती. अशा वेळी एका रात्री जेवताना तिने सांगितले की, एम.एस्सी. करावयाचे आहे, पण पुढच्या वर्षी. मधले एक वर्ष हिंडावयाचे. याला हल्ली ‘गॅप इयर’ म्हणतात म्हणे. आम्ही पडलो सरकारी शाळेचे मुख्याध्यापक. दाखले, गुणपत्रके आणि हजेरीपट यांत ज्याचा जन्म गेला त्याच्या कानाला ‘गॅप’ हा शब्द कसा लागतो, हे शिक्षक वाचकांस सांगावयास नको. खंड पडला की त्याचे लेखी कारण द्यावे लागते.

‘‘हिंडायचं म्हणजे कुठे?’’ सौ.ने विचारले. हिमालय, केरळ, गेला बाजार राजस्थान, अशा उत्तराची तिने मनाची तयारी केली असावी.

‘‘इथेच,’’ कन्या म्हणाली. ‘‘पुण्याला मी चौदा वेळा गेले, आई. असीरगड एकदाही पाहिला नाही.’’

असीरगड आमच्या घरापासून दोनशे किलोमीटरांच्या आत आहे. दख्खनचे दार म्हणून ज्याची ख्याती, जो घेतल्यावर १६०१ साली अकबराला खानदेश हाती आल्यासारखा वाटला, आणि जो पुढे शिंद्यांच्या हातून इंग्रजांकडे गेला, तो हा किल्ला आम्ही वर्गात फळ्यावर नकाशा काढून कित्येक वर्षे शिकविला. प्रत्यक्ष पाहिला मात्र नव्हता. तेव्हा त्या रात्री आम्ही ताकाचा पेला उचलला आणि गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी मामांचा दूरध्वनी आला. वर्ष फुकट जाईल, उद्या स्थळे पाहू लागलो की लोक विचारतील, असा त्यांचा सूर होता. आम्ही त्यांना वरसईच्या विष्णुभट गोडसे यांची आठवण करून दिली. घरचे कर्ज फेडावे म्हणून हा तरुण ब्राह्मण १८५७ साली उत्तरेस निघाला. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, एवढीच त्याची आशा. वाटेत बंडाची बातमी कानी आली, पुढे झाशीच्या वेढ्यात तो सापडला, आणि घरी परतला तो खांद्यावर गंगेची कावड घेऊन. त्याचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापून प्रसिद्ध केला म्हणून आपल्याला तो ठाऊक. गोपाळ नीळकंठ दांडेकर तरुणपणी नर्मदेच्या काठाने फिरले, त्यातून ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आली. म्हणजे तरुण माणसाने वर्ष-दोन वर्षे वाट तुडवावी, ही गोष्ट आपल्याकडे काही कालची नाही. अर्थात गोडसे भटजी पोटासाठी निघाले होते आणि मागे संसार होता, हा फरक आम्हांस दिसत नव्हता असे नाही. पण मेहुण्यांशी वाद घालताना सगळेच फरक सांगावयाचे नसतात.

‘‘ते दोघे पुरुष होते,’’ सौ. आतून म्हणाली. या मुद्द्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

शेवटी निकाल दिला तो आमच्या मातोश्रींनी. त्यांचे वय त्र्याऐंशी. ‘‘जाऊ दे तिला,’’ त्या म्हणाल्या, ‘‘फक्त मला कार्ड टाकत जा म्हणावं. त्या मोबाइलवरचं मला वाचवत नाही.’’ मग अटी ठरल्या. पैसे तिने स्वतः मिळवावयाचे. पहिले दोन-तीन प्रवास घरच्या मंडळींबरोबर करावयाचे. रोज रात्री आईला फोन आणि प्रत्येक गावाहून आजीला कार्ड. कन्येने जुलैपासून नववी-दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी धरली. सकाळी दोन तुकड्या, संध्याकाळी दोन. आमच्या दिवाणखान्यात चपलांचा ढीग पडू लागला.

श्रावणात आम्ही सर्व जण मांडूस गेलो. गाडी भाड्याची, मातोश्री पुढच्या आसनावर, मांडीवर डबा. धार मागे पडले आणि पाऊस सुरू झाला तो दिवसभर थांबला नाही. मांडूविषयी इतके लिहिले गेले आहे की आम्ही येथे भर घालीत नाही. जहाजमहाल, हिंदोळामहाल, होशंगशहाची संगमरवरी कबर हे सारे प्रवासपुस्तकांत आहेच. त्या कबरीच्या दाराशी शहाजहानच्या वास्तुकारांनी १६५९ साली भेट दिल्याचा लेख कोरलेला आहे, तो कन्येने शोधून दाखविला. ज्यांच्या हाताखाली आग्र्याची कामे झाली त्यांना येथे पाहावयास यावेसे वाटले! रूपमतीच्या मंडपातून निरभ्र दिवशी खाली निमाडात नर्मदेची रुपेरी रेघ दिसते असे म्हणतात. आम्हांला समोरच्या कठड्यापलीकडे काही दिसले नाही. ढगच मंडपातून आरपार जात होते. मातोश्री मात्र तेवढ्यावर खूश होत्या. परतताना रस्त्याच्या कडेला मांडूची चिंच विकावयास बसलेल्या बाईशी त्यांनी बराच वेळ बोलणे केले. ही चिंच म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या गोरखचिंचेचे फळ. अंगठ्याने फोडावे असे नव्हे, दगडाने फोडावे असे कवच, आणि आत पांढरा आंबट गर. तिचे पन्हे करून पाहण्याचा सौ.चा बेत होता. ते कोणी दुसऱ्यांदा मागितले नाही.

पुढे भाद्रपदात देवास झाले. देवास आम्हांस परके नव्हते. तेथील दोन्ही पात्यांच्या पवारांच्या कथा ऐकत आम्ही वाढलो, आणि लग्नामुंजीसाठी तर असंख्य वेळा गेलेलो. पण मंगल कार्यालयापलीकडे आमचे देवास कधी गेले नाही. कन्येने आम्हांस टेकडीवर नेले. खाली उतरल्यावर जेथे कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी होऊन आले आणि बरे होऊन १९९२पर्यंत, अखेरपर्यंत राहिले, त्या घरावरून गेलो. माळव्याच्या लोकगीतांच्या ज्या धुना त्यांनी टिपल्या, त्या बऱ्याचशा ते अंथरुणावर पडून असताना खिडकीतून आलेल्या. बेळगावकडचा हा माणूस पडल्या पडल्या माळवा ऐकत होता, आणि आम्ही तीस मैलांच्या आत सात पिढ्या राहून तो कधी कान देऊन ऐकला नाही, असे कन्या म्हणाली. तरुण माणसे असे तोडून बोलतात. पण ती फारशी चुकत नव्हती.

ऑक्टोबरात ती प्रथम एकटी गेली. बऱ्हाणपूरला. सरवटे बसस्थानकावर सौ. तिला पोचवावयास आली आणि बस सुटल्यावरही बराच वेळ फलाटावर उभी राहिली. सिमरोल, चोरल, बडवाह, सनावद, खंडवा असे टप्पे पार करून दुपारी गाडी असीरगडाच्या पायथ्याशी येते. तेथे ती उतरली, गड चढली, आणि संध्याकाळी बऱ्हाणपुरास पोचली. तिच्या कार्डांवरून तो प्रवास आम्हांस कळला. पन्नास पैशांच्या कार्डावर माणूस जेवढे नेमके लिहितो तेवढे आम्ही शाळेच्या निबंधांत कधी वाचले नाही.

‘‘आजी, येथे कुंडी भंडारा म्हणून पाण्याची योजना आहे. अब्दुर्रहीम खानखानान याच्या वेळची, १६१५ सालची. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहराकडे आणले आहे. वर नुसती विहिरींची तोंडे दिसतात, एका रांगेत, शंभरावर. पंप नाही, मोट नाही. उतारावरून पाणी आपले आपण चालते. एका तोंडाशी कान लावून बसले. पाणी दिसत नाही, आवाज येतो.’’

दुसऱ्या कार्डात जामा मशिदीतील संस्कृत लेखाचा मजकूर होता. फारुकी सुलतानाने बांधलेल्या मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेख, त्यात संवत, शक आणि तिथी-नक्षत्र. हे ऐकून मातोश्री म्हणाल्या, ‘‘म्हणजे पंचांग पाहूनच बांधली की!’’ तिसऱ्या कार्डात मुमताजमहल होती. ताजमहालाची ही राणी १६३१ साली बऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात गेली. तापीपलीकडे झैनाबादेस आहूखान्याच्या बागेत तिला प्रथम पुरले, आणि काही महिन्यांनी देह आग्र्यास नेला. ‘‘चौदावं!’’ एवढेच मातोश्री म्हणाल्या आणि कार्ड पोथीत ठेवले. बऱ्हाणपूरची माव्याची जिलेबी मात्र कार्डावर येऊ शकत नव्हती. ती डब्यातून आली, आणि इंदूरच्या जिलेबीशी तिचा काही संबंध नाही असा घरात एकमताने निर्णय झाला. काळसर, मऊ, जड अशी ती एक खाल्ली की दुसरी मागवत नाही.

त्या चार दिवसांत कन्येला एक गोष्ट विशेष वाटली. बऱ्हाणपुराभोवतालच्या खेड्यांत लोक मराठी बोलतात. ती मराठी खानदेशी वळणाची, अधूनमधून निमाडीत शिरणारी; पण बोलणाऱ्यांना आपण महाराष्ट्राबाहेर राहतो असे वाटल्याचे दिसले नाही. ते कोठून आलेलेच नव्हते.

यानंतर नर्मदेची गोष्ट निघाली, आणि घरात खरी कसोटी लागली.

नर्मदा परिक्रमेविषयी वाचकांस सांगावयास नको. तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस हा तिचा शास्त्रोक्त काळ. नदी १३१२ किलोमीटर लांब, म्हणून दोन्ही तीर मिळून वाट अडीच हजारांच्या वर. नदी उजव्या हातास ठेवावयाची, प्रवाह ओलांडावयाचा नाही, जवळच्या कुपीत नर्मदेचे पाणी बाळगावयाचे, आणि भेटेल त्याला ‘नर्मदे हर’ म्हणावयाचे. चातुर्मासात परिक्रमा थांबते आणि कार्तिकी एकादशीनंतर पुन्हा हलते. कन्येचा बेत पुऱ्या परिक्रमेचा नव्हता. ओंकारेश्वराहून दक्षिण तीराने महेश्वरासमोरच्या नावडातोलीपर्यंत, एवढाच टप्पा तिला चालावयाचा होता. पण नियम मात्र परिक्रमेचेच पाळून. सौ.ने स्पष्ट नाही म्हटले. दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. तिसऱ्या दिवशी कन्या म्हणाली, ‘‘आई, तू नाही म्हणालीस तर नाही जाणार. पण मग मला का नाही ते सांग, आणि दादाला तू हेच म्हटलं असतंस का तेही सांग.’’ सौ.ने उत्तर दिले नाही. संध्याकाळी ती बाजारातून जाड तळव्यांचे बूट घेऊन आली.

ओंकारेश्वरास आम्ही तिला पोचविले. तेथे नाशिककडच्या चार बायका परिक्रमेस निघालेल्या भेटल्या. सर्वांत लहान पंचेचाळिशीची, सर्वांत मोठी अडुसष्ट वर्षांची. ‘‘चल आमच्यासंगं,’’ एवढ्या दोन शब्दांत त्यांनी तिला आपल्यात घेतली.

पुढल्या सहा दिवसांचे वर्णन आम्ही करू शकत नाही, कारण आम्ही चाललो नाही. मोरटक्क्याच्या पुलाखालून जाताना माथ्यावरून ट्रक धडधडत होते आणि खाली एक बाई कपबशीएवढ्या चुलीवर चहा करीत होती, हे तिने फोनवर सांगितले. रात्री आश्रमाच्या ओसरीत मुक्काम, सदावर्तात मिळालेला शिधा, तीन दगडांची चूल. बकावाँ गावी घरोघरी नर्मदेतील दगड घासून बाणलिंगे करतात. तेथे तिने अर्धा दिवस काढला. पाण्याच्या चाकावर दगड कसा गोल होतो हे पाहता पाहता बाकीच्या बायका पुढे गेल्या आणि तिला तीन किलोमीटर पळत गाठाव्या लागल्या. त्या मुक्कामाहून जे कार्ड आले ते असे:

‘‘आजी, या मावशींनी माझं मूळ गाव विचारलं. माझ्या तोंडून इंदूर निघालं. वाईचं खेडं आठवलंच नाही. चालेल ना?’’

मातोश्रींनी ते कार्ड दोनदा वाचवून घेतले. काही बोलल्या नाहीत.

ठरल्याप्रमाणे रविवारी आम्ही महेश्वरास गेलो. ती दक्षिण तीरावर, आम्ही उत्तर तीरावर. नियमाप्रमाणे ती इकडे येऊ शकत नव्हती. अहिल्याबाईंच्या जन्माला ३०० वर्षे व्हावयाची होती, त्या निमित्ताने घाटावर वर्दळ होती. १७६७पासून १७९५पर्यंत येथून त्यांनी राज्य चालविले. किल्ल्यातील त्यांचा वाडा आम्ही पूर्वी एकदा शाळेच्या सहलीबरोबर पाहिलेला. लाकडी खांब, साधी ओसरी, गादी. राजवाडा म्हणावे असे त्यात काही नाही, आणि पाहणारा जरा गप्प होतो तो त्यामुळेच. जवळच्या देवघरात मातीची हजारो लहान लिंगे करून, पूजा करून, ती नर्मदेत सोडण्याचा नित्यक्रम बाईंच्या वेळेपासून चालत आला आहे. खाली मागांचा खडखडाट. महेश्वरी साडीचा हा धंदा मोडकळीस आला होता, तो १९७९ सालापासून रेहवा सोसायटीने पुन्हा उभा केला, आणि त्या मागांवर आज बायका बसलेल्या दिसतात.

पण त्या दिवशी आमचे लक्ष कशातच नव्हते. मातोश्रींना घाटाच्या पायऱ्यांवर खुर्ची मांडून दिली आणि आम्ही सर्व जण पलीकडे पाहू लागलो. महेश्वरास नर्मदेचे पात्र रुंद आहे. मध्ये बाणेश्वराचे लहानसे देऊळ, त्याच्या भोवती संथ पाणी, आणि पलीकडे नावडातोलीची दरड. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकलिया यांनी १९५० नंतरच्या दशकात हीच दरड खणून साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती उजेडात आणली. रंगीत मडकी, जळके गहू, कुडाच्या घरांच्या खुणा. म्हणजे या जागी बसून पलीकडे कोणाची तरी वाट पाहणारी माणसे फार पूर्वीपासून असणार. पलीकडच्या तीरावरचा माणूस ओळखू येत नाही, कपड्याचा रंग तेवढा ओळखू येतो. कन्येने केशरी ओढणी घेईन असे सांगितले होते. साडेदहाच्या सुमारास दरडीवर चार पांढरे ठिपके आणि एक केशरी ठिपका दिसला. मातोश्री उभ्या राहिल्या. त्यांनी पदराचे टोक वर करून हलविले. केशरी ठिपका थांबला, आणि मग तोही हलू लागला.

नावेत बसावयास मातोश्री तयार नव्हत्या. त्यांना सोडून आम्हांस जाता येत नव्हते. सौ. एकटी गेली. मांडीवर डबा, डब्यात मेथीचे पराठे, तिळाची चटणी आणि दाण्याचे लाडू, पाच जणींना पुरतील इतके. यंत्राची नाव बाणेश्वराला वळसा घालून पलीकडे लागली. दरडीवरचा केशरी ठिपका पाण्यापर्यंत खाली आला. पुढे पाऊण तास ते सहा ठिपके एका जागी बसलेले आम्ही पाहत होतो. तेथे मायलेकींत काय बोलणे झाले ते आम्हांस आजतागायत कळलेले नाही.

परत आली तेव्हा डबा रिकामा होता, आणि त्यात बकावाँचे एक तपकिरी बाणलिंग होते. पायऱ्या चढता चढता सौ. म्हणाली, ‘‘त्यांतल्या मोठ्या बाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ती चालतेय.’’ आणि गाडी मानपूरचा घाट चढू लागली तेव्हा, खिडकीबाहेर पाहत, ‘‘पुढच्या टप्प्याला मीही जाईन म्हणते चार दिवस.’’ मार्च महिन्यात ती खरोखरीच गेली, पण ती हकीकत तिची तिने लिहावी.

कन्या चालून आली त्या वाटेवर रावेरखेडी लागते. तेथील बाजीरावांची समाधी आजीला दाखवावयाचीच, असे तिने ठरविले होते. जानेवारीत संक्रांत झाल्यावर आम्ही निघालो. या वेळी वाट तिने सांगावयाची आणि आम्ही तिच्यामागे जावयाचे, असा क्रम आपोआप पडला. सनावदहून पुढे कापसाच्या शेतांतून रस्ता नदीकडे उतरतो. मुंगी-पैठणच्या तहानंतर मिळालेल्या खरगोण-हंडियाच्या मुलखाची व्यवस्था लावण्यासाठी थोरले बाजीराव इकडे आले होते. तेथे ताप आला, आणि २८ एप्रिल १७४० रोजी वयाच्या चाळिसाव्या वर्षी ते नर्मदेकाठी गेले. माळवा मराठ्यांचा झाला, आमचे पूर्वज इकडे येऊन कारकुनी करू शकले, ते ज्याच्या तलवारीमुळे, तो माणूस आमच्या घरापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर निजलेला आहे. आणि शनिवारवाडा आम्ही किती वेळा पाहिला ते मोजलेले नाही.

समाधी आटोपशीर आहे. दगडी भिंतींचे आवार, मध्ये साधे बांधकाम, खाली नदी. मातोश्रींचे वडील इतिहासाचे शिक्षक होते. बाजीरावाच्या स्वाऱ्या सांगताना ते उभे राहून सांगत. तेव्हा त्यांच्या मनात काही भव्य चित्र असणार. ‘‘एवढीच?’’ त्या म्हणाल्या. मग बराच वेळ भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. कन्या त्यांना धरून नदीच्या बाजूस घेऊन गेली आणि आपण कोठून चालत आलो, कोणत्या झाडाखाली भाकरी खाल्ली, ते दाखवू लागली. आवारात कोणीही नव्हते. दोन शेळ्या आणि त्यांच्यामागे आलेला एक म्हातारा. त्याने मातोश्रींना पाहून विचारले, ‘‘माँजी, महाराष्ट्र से आए हो?’’ तेथे येणारे बहुतेक पुण्याकडचेच असतात, तेव्हा त्याचा प्रश्न साहजिक होता.

‘‘नहीं भैया,’’ मातोश्री म्हणाल्या, ‘‘यहीं के हैं। इंदौर के।’’

कन्येने आमच्याकडे पाहिले. आम्ही नदीकडे पाहत होतो.

ते वर्ष पुढे सरले. एप्रिल-मे शिकवणीत आणि प्रवेशपरीक्षांच्या तयारीत गेले. निमाडचे ऊन असे असते की त्या दिवसांत कोणी हिंडतही नाही. २०२५च्या जुलैत तिला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, भूजलाच्या विषयात. त्याला कुंडी भंडारा कारण झाला की काय, ते ती सांगत नाही. महाविद्यालय पुण्याचे नाही, इंदूरचेच. मामा थोडे नाराज आहेत. प्रवेशाच्या वेळी, आम्ही म्हणालो होतो तसे, खंडाचे लेखी कारण मागितलेच. मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र. टंकलेखकाजवळ त्याचा मजकूर तयारच असतो: सदर कालावधीत अर्जदाराने कोणत्याही संस्थेत प्रवेश घेतला नाही, कोठे नोकरी केली नाही, व अर्जदार घरीच होती. कन्येने पहिल्या दोन वाक्यांखाली सही करावयास हरकत घेतली नाही. तिसरे वाक्य तिने खोडावयास लावले. टंकलेखक म्हणाला, मग घरी नव्हतात तर कोठे होतात ते लिहावे लागेल. त्या रकान्यात तिने गावांची नावे लिहिली, आणि जागा अपुरी पडली.

ज्या वाचकांस रावेरखेडीस जावयाचे असेल त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस धरावे. इंदूर-खंडवा रस्त्याने सनावदपर्यंत बस आहे. पुढे गाडी ठरवावी लागते. पाणी आणि फराळ बरोबर घ्यावा. म्हातारी माणसे बरोबर असली तर एक घडीची खुर्चीही घ्यावी. नदीच्या बाजूस सावलीत ती मांडता येते.